हौसाच्या गालावरची तीट

दादर, मुंबई
९ जून १९७८

ती. आप्पामामांना साष्टांग नमस्कार. (एका खोलीत आम्ही चौघी मुली राहतो. साष्टांग घालायला जागा नाही, तेव्हा बसल्या बसल्याच घालते.)

पत्राला उशीर झाला तो आळसानं नाही, थकव्यानं. दिवसभर वाकून सेलवर रंग भरायचा. सेल म्हणजे काचेसारखा आरपार दिसणारा प्लॅस्टिकचा पातळ ताव. त्यावर माणूस काढायचा, मागच्या बाजूनं रंगवायचा, आणि एका सेकंदाच्या हालचालीसाठी अशी बारा चित्रं करायची. संध्याकाळी मान वर केली की कटकन वाजते. गेली दोन वर्षं दुसऱ्यांनी काढलेल्या सशांना आणि राजपुत्रांना मी रंग लावते आहे.

पण आता एक बातमी आहे. आमचे दिग्दर्शक कारखानीससाहेब ह्यांनी पहिल्यांदाच माझी गोष्ट घेतली. वीस मिनिटांचं कार्टून, सगळ्या घरानं एकत्र बसून बघायचं रहस्यचित्र. नाव आहे 'समई कुणी नेली?' मुंबईची तीन भावंडं सुट्टीत कोल्हापूरला आजीकडे येतात आणि देवघरातली चांदीची समई नाहीशी होते. शोध लावते ती मात्र दूध घालणारी एक मुलगी, कारण रोज सकाळी ती प्रत्येक दारात उभी असते आणि तिला सगळं दिसतं. शेवटी कळतं की घरातल्याच काकांनी समई दुरुस्तीला, सोनाराकडे डाग द्यायला दिली होती आणि सांगायचं विसरून गेले.

अडचण चेहऱ्यांची आहे. आमच्या नमुन्याच्या वह्यांत सगळे चेहरे परदेशी. त्यातल्याच पोराला टोपी घातली की झाला मराठी मुलगा! रंगाचंही तेच. अंगाला लावायचा रंग बाटलीत तयार येतो, वर 'त्वचा' असं छापलेलं, आणि आत गुलाबी. दोन वर्षांत माझ्या रंगाचा एकही माणूस मी रंगवलेला नाही. मामा, आपल्याकडच्या एखाद्या खऱ्या मुलीची चित्रं काढून पाठवाल का? ही गोष्ट नीट झाली तर मला पुन्हा ससे रंगवावे लागणार नाहीत.

तुमची
नंदिनी


शाहूपुरी, कोल्हापूर
२४ जून १९७८

चि. नंदिनी,

आशीर्वाद नेहमीचेच. गेल्या खेपेचे उरले असतील तर आधी ते संपव.

तुझं पत्र तुझ्या माईमामीनं मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावलं. तिला वाटतंय तू सिनेमा काढतेस. मी समजावलं की सिनेमा नव्हे, हलणारी चित्रं, तर म्हणाली, मग तुम्ही तीस वर्षं काय काढलंत? खरं आहे. स्टुडिओत मी पडदे रंगवले, डोंगर, नदी, राजवाडे. पुढं नट लढायचे आणि वारा आला की मागं माझा डोंगर हलायचा.

तुला आधीच सांगून ठेवतो, फार हुरळू नकोस. आमच्या रंगभूषेच्या खोलीत एक न लिहिलेला नियम होता. नायक उजळ, गडी काळा, आणि चोर गड्याहून काळा. तो कुणी केला कुणास ठाऊक, पण मोडलेला मी पाहिला नाही.

मुलगी मिळाली. उचगावची बयाबाई रोज सकाळी दोन म्हशी आमच्या गल्लीत आणते आणि दारातच धार काढून देते, म्हणजे पाणी घातलं म्हणायला कुणाला तोंड राहत नाही. तिची मुलगी हौसा म्हशीचा कासरा धरते. बारा वर्षांची आहे, सातवीत. काळी, तरतरीत, आणि जिभेला हाड नाही. तांब्याच्या आकारावरून ती घरं ओळखते. परवा म्हणाली, "आप्पा, वरच्या मजल्यावर पावणं आल्यात. रोज तांब्या येतो, आज कळशी आली." तुझी गुप्त पोलीस ती हीच.

तिला पायरीवर बसवलं, मी दारात खुर्ची टाकली आणि तीन चित्रं काढली. समोरून, बाजूनं आणि धावताना. ती म्हणे, "म्हशीचंबी काडा की, ती काय वाईट दिसती व्हय?" सगळं झाल्यावर बयाबाई जवळ आली. "आप्पा, चित्र झ्याक हाय. पन मुंबईची हजार मानसं बघनार पोरीकडं. दिष्ट लागंल की वो. गालाला तीट लावा आदी, मगच टपालात घाला." मी म्हटलं, अगं, हा कागद आहे. तर ती म्हणाली, "कागद असंना. तोंड माझ्या पोरीचं हाय." मग माईकडून काजळ मागवलं आणि तिन्ही चित्रांतल्या हौसाच्या उजव्या गालाला बोटानं तीट लावली. कागदावरच्या माणसाची दृष्ट काढणारा मी पहिलाच असेन.

चित्रं सोबत आहेत. जपून वापर. मी त्या दोघींना शब्द दिला आहे की हौसा पडद्यावर दिसेल.

तुझा
आप्पामामा


दादर
२ ऑगस्ट १९७८

ती. आप्पामामा,

चित्रं मिळाली आणि माझी मान दुखायची थांबली! कारखानीससाहेबांनी ती बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "ही मुलगी घ्यायची. चेहरा लक्षात राहतो." तिन्ही कागद भिंतीवर टाचणीनं लावले आहेत. येता जाता सगळे थांबतात.

हौसासाठी रंग मी स्वतः कालवला. तपकिरीत थोडा गेरू, थोडा पिवळा. तीन दिवस जमत नव्हता, चौथ्या दिवशी जमला. माझ्या हाताशेजारी धरून बघितला तर माझाच! बाटलीवर चिठ्ठी लावून 'हौसा' असं लिहिलं आहे. तीट बघून हसू आलं आणि मग आईची फार आठवण आली. बयाबाईंना सांगा, पोरगी सांभाळते.

तुमची
नंदिनी


शाहूपुरी
११ ऑक्टोबर १९७८

चि. नंदिनी,

दोन महिने पत्र नाही. दसरा झाला, सोनं घ्यायला कुणी भाचा-भाची आलं नाही, म्हातारा-म्हातारीनं एकमेकांनाच दिलं.

इथं माझी सकाळ कठीण झाली आहे. तांब्या घेऊन बाहेर आलो की हौसा विचारते, "आप्पा, कवा येनार वो?" मी म्हणतो, अगं, एका सेकंदाला बारा चित्रं लागतात. तिनं हिशेब केला आणि म्हणाली, "मग एका मिन्टाला सातशे वीस. काडनाऱ्याचा हात मोडला आसंल." शाळेत तिनं सगळ्यांना सांगून टाकलं आहे. गुरुजींनी तिला वर्गापुढं उभं केलं आणि म्हणाले, ही आपल्या शाळेची हुशार पोर, मुंबईच्या चित्रात चोर पकडणार आहे. तेव्हापासून ती अभ्यासही करते, हे बयाबाईचं म्हणणं.

चार ओळी तरी लिही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे, फार उशीर केलास तर तुझं चित्र मला वास घेऊन बघावं लागेल.

आप्पामामा


दादर
२० नोव्हेंबर १९७८

ती. आप्पामामा,

काम खूप आहे. रात्री आठला सुटतो. गोष्टीत थोडे बदल झाले, तसे ते होतातच. हौसाचं काम उलट वाढलं आहे. आधी ती अडीच मिनिटं होती, आता चार मिनिटं आहे. गोष्ट तिच्यापाशीच येऊन थांबते असं म्हणायला हरकत नाही.

तिला फार सांगत बसू नका. रहस्यचित्र आहे, आधी कळलं की मजा जाते.

थकले आहे. माईमामीला नमस्कार.

नंदिनी


शाहूपुरी
५ डिसेंबर १९७८

चि. नंदिनी,

पत्र त्रोटक, पण बातमी लाखाची! गोष्ट तिच्यापाशी येऊन थांबते हे वाक्य मी बयाबाईला दारात वाचून दाखवलं. ती म्हैस तशीच सोडून माझ्या तोंडाकडं बघत राहिली. दुसऱ्या दिवशी केळीच्या पानात खरवस बांधून आणला. हौसा मात्र गंभीर झाली. म्हणाली, "आप्पा, मग समई कुनी नेली ते मी आधी वळखायला पायजे. पडद्यावर चुकलं तर उचगावात तोंड दाखवता यायचं न्हाई."

मी रंगभूषेच्या खोलीतला नियम लिहिला होता ना, तो खोटा ठरवलास. म्हाताऱ्यानं आयुष्यात एवढं एक बघावं. चित्र कोल्हापूरला लागेल तेव्हा आठवडाभर आधी कळव. उचगावची वीस-पंचवीस माणसं टेम्पो करून येणार आहेत.

आप्पामामा


दादर
१८ फेब्रुवारी १९७९

ती. आप्पामामा,

तुमची तीन पत्रं उत्तराविना पडली आहेत. हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता जसं उतरेल तसं पाठवते.

चित्रात हौसा चोर आहे.

मी ऑगस्टमध्ये तुम्हाला पत्र टाकलं आणि आठवड्याच्या आत बैठक झाली. साहेब म्हणाले, चोरच नाही तर रहस्य कसलं? काका विसरले ही पळवाट झाली. मग चोर कोण, ह्यावर बोलणं सुरू झालं. काका चालत नाहीत, कारण घरचा माणूस चोर निघाला तर घरच्यांनी एकत्र बसून बघायचं कसं? मुलं तर नाहीतच, शोध त्यांनीच लावायचा, कारण तिकीट काढणारी मुलं शहरातली. मग उरलं कोण? साहेब उठून भिंतीपाशी गेले, हौसाच्या गालावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा तीळ छान आहे. हीच खूण." चोर पळताना मुलांना फक्त गाल दिसतो, गालावर काळा ठिपका. शेवटी त्याच ठिपक्यावरून तिला ओळखतात.

मी सांगायला हवं होतं की तो तीळ नाही, तीट आहे. खोलीत आठ माणसं होती, आठही मराठी. सगळ्यांच्या आयांनी सगळ्यांना लहानपणी तीट लावली असणार. एकानंही ओळखली नाही, की ओळखून गप्प बसले, कोण जाणे. मी ओळखून गप्प बसले. नोकरी कायम व्हायची होती, ती पुढच्या महिन्यात झाली.

मुलांना गुलाबी बाटली लागली. मी कालवलेल्या रंगात साहेबांनी आणखी काळा घालायला लावला. मुलं पुस्तकातलं बोलतात आणि हौसा 'हाय-न्हाय' बोलते. तो आवाज एका बाईंनी दिला आहे, त्या कोल्हापूरला कधी गेलेल्या नाहीत. ध्वनिमुद्रण करताना सगळे हसत होते, म्हणजे प्रेक्षकही हसतील असं ठरलं.

मामा, चार मिनिटांची चित्रं दोन हजार आठशे ऐंशी होतात. प्रत्येकावर तो ठिपका मी माझ्या हातानं ठेवला. बयाबाईंनी सांगितलेली तीट मी चोराची खूण म्हणून दोन हजार आठशे ऐंशी वेळा लावली आणि तुम्हाला लिहिलं की तिचं काम वाढलं आहे.

एकच गोष्ट करता आली. शेवटी समई सापडते आणि सगळं घर तिच्याभोवती हसत उभं राहतं, तो प्रसंग माझ्याकडे होता. चार सेकंदांचा. त्यात मी सगळ्यांच्या उजव्या गालाला तीट लावली. आजी, काका, तिन्ही गुलाबी मुलं, सगळ्यांना. कॅमेऱ्याखालून गेलं तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. ह्यानं काही भरून येत नाही हे मला कळतं.

२५ मार्चला सकाळी शाहूपुरीतल्या थिएटरात शाळांसाठी खेळ आहे. बयाबाईंना येऊ देऊ नका. काहीतरी कारण सांगा.

नंदिनी


शाहूपुरी
२७ फेब्रुवारी १९७९

चि. नंदिनी,

तुला रागावून लिहावं म्हणून सकाळीच बसलो. पण राग यायलाही ताकद लागते, ती आता राहिली नाही. माईला तुझं पत्र वाचून दाखवलं नाही. तिनं माझं तोंड बघून ओळखलं आणि चहा न मागता आणून ठेवला.

तुझ्यावर चिडायचं तर मला आधी माझ्यापाशी थांबावं लागतं. एकदा स्टुडिओत रंगभूषेचा माणूस आजारी होता तर चोराच्या तोंडाला काजळी मीच फासली होती. तो नट गोरापान होता. बिचारा आरशात बघून म्हणाला, "आप्पा, आता मी चोर वाटतो." मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट काम चांगलं झालं म्हणून मी खूश. तीस वर्षांत एकदाही मी ब्रश खाली ठेवला नाही. तू दोन वर्षांत ठेवावास असं म्हणायला मला तोंड कुठलं?

पण एक सांगतो. चोर केलंस त्याहून तो नोव्हेंबरचा कागद मला जास्त लागला. तो मी दारात उभा राहून वाचला होता. खरवस खाल्ला होता.

कारण काय सांगू? तीन दिवस मी सांगायचं म्हणून तांब्या घेऊन बाहेर जातो आणि नुसतं दूध घेऊन आत येतो. शाळेतून तारीख कळली, टेम्पो ठरला आहे. बयाबाईनं पोरीला नवं परकर-पोलकं शिवलं. बघतो, कुठल्या तरी सकाळी जीभ उचलेल. नाही उचलली तर त्यांच्या शेजारी बसून बघेन. तेवढं तरी मी करायला हवं.

आप्पामामा


उचगाव
२ एप्रिल १९७९

नंदिनीताईस हौसाचा नमस्कार.

पत्ता आप्पांनी दिला. लिवलंय माझं मीच. गुरुजी शुद्धलेखन बघतो म्हनले, पन मी दिलं न्हाई, त्यांनी वाचलं असतं.

पिक्चर बघितलं. टेम्पोतनं सव्वीस मानसं गेलतो. आप्पा थेटराच्या दारात उभं हुते. आईला म्हनले, "बयाबाई, आत जाऊ नका, मी सांगतो ते ऐका." आई म्हनली, "तिकिटं काडल्यावर? काय बोलता आप्पा." आनि आमी आत गेलो. आप्पा माझ्या शेजारी बसले.

मी पडद्यावर आले तवा आमच्या मानसांनी शिट्ट्या मारल्या. मग ती पोरं माझ्या मागं लागली. केरबामामा मोठ्यानं म्हनला, "थांबा की, आता ही खरा चोर धरील." मग मलाच धरलं. दुसऱ्या शाळंची पोरं त्या बाईच्या बोलन्याला हसत हुती. तसं आमी बोलत न्हाई ताई. आप्पांनी माझा हात धरला हुता.

दुसऱ्या दिशी म्हशी घेऊन गेलो तर आप्पा तांब्या घेऊन खाली बघत बाहेर आले. आईनं रोजच्यापरास जास्त दूध घातलं आनि म्हनली, "तीट लावा म्हनून मीच सांगितलंतं." आप्पा रडले. मला लई वाईट वाटलं. मोठ्या मानसांनी असं दारात रडू नये.

शाळंत पोरी चोरटी म्हनत्यात. गुरुजी काय म्हनत न्हाईत, पन वर्गापुढं उभं करत न्हाईत.

शेवटाला तुमी सगळ्यांच्या गालाला तीट लावलीसा ते मला दिसलं. आईलाबी दिसलं. आई म्हनली, "पोरीनं तेवडं तरी केलं." बाकी कुनाला दिसलं न्हाई. तवर मानसं उठून चालली हुती.

आता मी लिवते ते नीट वाचा. मी सात दिस इचार केला. तुमचं पिक्चर चुकलंय.

समई देवघरात हुती. देवघर आत, सैपाकघराच्या शेजारी, असं तुमीच दावलंय. मी दूध घालनारी. आमी दारात उभं ऱ्हातो आनि तांब्या बाहेर येतो. आत कवा कोन बोलवत न्हाई. आप्पांच्या दारात मी चार वरसं येते, पन त्यांचं देवघर कंच्या बाजूला हाय ते मला ठावं न्हाई. माझं चित्र काडलं तवाबी मी पायरीवर हुते आनि आप्पा उंबऱ्याच्या आत खुर्चीवर. मग मी समई नेली कशी? जिला उंबरा ओलांडायचा न्हाई तिला देवघरातलं काय घावनार? चोर घरातलाच असनार. तुमच्या तीन पोरांस्नी एवडंबी कळलं न्हाई, आनि तीच शानी.

हे मी आज सकाळी आप्पांस्नी सांगितलं. त्यांनी तांब्या खाली ठिवला. मग बाजूला सरकले आनि म्हनले, "हौसा, आत ये."

मी म्हनलं, आता कशी येऊ, म्हस कोन धरंल?

हौसा